ज्येष्ठांनी कोणता चित्रपट पाहावा?

वाचकहो, आहार, व्यायाम, झोप आणि औषधे यांविषयी आपण या सदरात वरचेवर बोलतो. मनाच्या विरंगुळ्याचा विषय मात्र मागे पडतो. आमच्या सानपाड्यात सकाळचा फेरफटका आटोपून बाकावर विसावणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पा ऐकल्या, तर रक्तदाब आणि साखर यांच्या खालोखाल चित्रपटांचीच चर्चा कानी पडते. नातवंडे एका चित्रपटाचा हट्ट धरतात, सूनबाई दुसऱ्याचे नाव सुचवतात आणि अखेरीस ‘तुम्हांला झेपणार नाही’ असे म्हणून घरचेच परस्पर निर्णय घेऊन टाकतात. हा निर्णय आपला आपल्याला घेता यावा, म्हणून २०२५ साली गाजलेल्या तीन भिन्न जातींच्या चित्रपटांचा आज आरोग्याच्या नजरेने विचार करू: एक अ‍ॅनिमेशनपट, एक प्रेमकथा आणि एक युद्धपट.

नातवंडांच्या सोबतीने

अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. भारतात तयार झालेल्या अ‍ॅनिमेशनपटाला एवढा मोठा प्रेक्षकवर्ग पूर्वी लाभला नव्हता. हिरण्यकशिपू आणि प्रल्हाद यांची कथा आपल्या पिढीने कीर्तनांतून आणि आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. या चित्रपटाचा खरा लाभ येथेच आहे. एरवी मोबाइल कसा हाताळावा हे नातवंडे आपल्याला शिकवतात. येथे खांब का दुभंगला, वध उंबरठ्यावरच का झाला, दिवस नाही आणि रात्र नाही अशी सांजवेळच का निवडली गेली, हे उलगडून सांगण्याचा मान आजी-आजोबांकडे येतो. ज्येष्ठांना घरात आपली गरज आहे असे वाटणे, याचे मोल कोणत्याही टॉनिकहून कमी नाही.

चित्रपटाविषयी माझे मत विचाराल, तर दृश्यांची भव्यता मन भारून टाकते. मात्र युद्धप्रसंगांच्या गदारोळात प्रल्हादाच्या शांत भक्तीला हवी तेवढी जागा मिळत नाही. शेवटचा नरसिंहावतार उग्र आहे. लहान मूल बरोबर असेल तर आदल्या रात्री कथेचा शेवट सांगून ठेवावा, म्हणजे ते दचकणार नाही. ज्यांना चक्कर येण्याचा त्रास आहे त्यांनी त्रिमितीचा खेळ टाळून साधा खेळ निवडावा.

ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्यासाठी आणखी एक नाव सुचवतो: लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांचा ‘फ्लो’. या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. महापुरात एका होडीच्या आधाराने तग धरणारे मांजर आणि त्याचे सोबती एवढीच कथा आहे, आणि त्यात एकही संवाद नाही. श्रवणयंत्र लावूनही संवाद निसटतात म्हणून चित्रपटच सोडून दिलेल्या व्यक्तीला येथे कोणाकडे वळून ‘काय म्हणाला?’ असे विचारावे लागत नाही. सुमारे ८५ मिनिटांचा हा चित्रपट एका बैठकीत घरीही सुखाने पाहता येतो.

प्रेमकथा आणि विसरण्याची भीती

मोहित सूरी यांचा ‘सैयारा’ तरुणांनी डोक्यावर घेतला. अहान पांडे आणि अनीत पड्डा या नव्या जोडीचा अभिनय ताजा आहे, गाणी मनात रेंगाळतात. मात्र आपल्या वयाच्या प्रेक्षकाला हा चित्रपट निराळ्याच ठिकाणी बोचतो, कारण त्यातील ऐन विशीतल्या नायिकेला अल्झायमर जडतो. तरुण प्रेक्षक प्रेमासाठी अश्रू ढाळत असताना शेजारी बसलेले आजोबा मनातल्या मनात म्हणत असतात, ‘काल मलाही दूधवाल्याचे नाव आठवले नव्हते.’

म्हणून येथे थोडे थांबू. पासष्टीपूर्वी होणाऱ्या अल्झायमरचे प्रमाण मुळात कमी असते आणि विशीत तो होणे वैद्यकीय दृष्टीने विरळात विरळ. चष्मा कोठे ठेवला ते न आठवणे, एखादे नाव जिभेवर येऊन अडणे आणि तासाभराने आपोआप सुचणे, हे वाढत्या वयाचे साधे विसरणे आहे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, नेहमीचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे आणि हे आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येणे, अशी लक्षणे असतील तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते, आणि या कारणांवर उपचार आहेत. भीतीने गप्प राहण्यापेक्षा तपासणी करून घेणे केव्हाही हिताचे.

‘सैयारा’मध्ये आजार आहे, पण शुश्रूषा फारशी नाही. आंघोळीला नकार देणारा रुग्ण, रात्री दोन वाजता दार उघडून निघालेली आई, स्वतःच्या मुलीला परकी समजून केलेला आरडाओरडा, हे ज्या घरांत रोज घडते त्यांना तो चित्रपट अपुरा वाटेल. अशांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आवर्जून पाहावा. संस्कृतचे गाढे पंडित असलेले चक्रपाणी शास्त्री स्मृती हरपत असताना एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि घरापासून दुरावतात. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. माहुताच्या बायकोला त्यांचे नाव-गाव ठाऊक नाही, आजाराचे नावही ठाऊक नाही. तरी ती त्यांना मुलासारखे जेवू घालते. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रुग्णाशी वाद न घालता त्याच्या जगात शिरावे, हा शुश्रूषेचा पहिला धडा ती अडाणी बाई सहज शिकवून जाते.

युद्धपट: आदर आणि सहनशक्ती

लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाने महाराष्ट्रात चित्रपटगृहे ओसंडून वाहिली. विकी कौशल यांनी संभाजी महाराजांच्या भूमिकेसाठी घेतलेली मेहनत पडद्यावर दिसते. मला अधिक लक्षात राहिला तो अक्षय खन्ना यांचा औरंगजेब. संभाजी महाराजांची हत्या झाली त्या मार्च १६८९ मध्ये औरंगजेब सत्तर वर्षांचा होता. त्या वयातील थकवा, संशय आणि एकाकीपणा अक्षय खन्ना यांनी आवाज न चढवता दाखवला आहे. लढायांचा स्वर मात्र सारखाच टिपेला पोहोचलेला राहतो, आणि येसूबाईंच्या वाट्याला त्यांच्या कर्तृत्वाच्या मानाने फार थोडे येते.

संगमेश्वरच्या कैदेनंतरचा छळाचा भाग दीर्घ आणि अंगावर येणारा आहे. इतिहास आपल्याला ठाऊक असला, तरी वाचणे वेगळे आणि डोळ्यांसमोर पाहणे वेगळे. छातीत धडधडू लागले, घाम फुटला, श्वास अपुरा वाटला, तर खुशाल उठून बाहेर यावे आणि सोबतच्या माणसाला तसे सांगावे. बाहेर येऊनही त्रास थांबला नाही तर घरी न जाता थेट रुग्णालय गाठावे. अनेक ज्येष्ठ ‘लोक काय म्हणतील, महाराजांचा अनादर होईल’ या विचाराने खुर्चीला खिळून राहतात. महाराजांविषयीचा आदर असा मोजायचा नसतो. हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, तर असा चित्रपट पाहण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

युद्धपटांचा आणखी एक परिणाम असतो. १९७१ च्या युद्धात मुंबईत खिडक्यांना काळे कागद लावून दिवे मालवले जात. भोंग्याचा तो आवाज ज्यांच्या कानांत अजून आहे, किंवा ज्यांच्या घरातील कोणी सैन्यात होते, त्यांच्या जुन्या आठवणी स्फोटांच्या आवाजाने जाग्या होतात. त्या रात्री झोप लागली नाही तर घरच्यांनी ‘सिनेमाच तर होता’ असे म्हणू नये. काय आठवले ते विचारावे आणि शांतपणे ऐकावे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला मात्र युद्धपट दाखवूच नये. पडद्यावरची हाणामारी तिला खरी वाटू शकते.

चित्रपटगृहात जाताना

‘छावा’ आणि ‘सैयारा’ दोन्ही अडीच तासांहून अधिक लांबीचे आहेत. जाहिराती आणि मध्यंतर धरले की तीन तास सहज होतात. दुपारचा खेळ असेल तर जेवणाची आणि मधुमेहाच्या औषधांची वेळ आधी जुळवून घ्यावी. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती स्वतःहून न टाळता डॉक्टरांना विचारून तिची वेळ बदलावी. वाढत्या वयात डोळे अंधाराला उशिरा सरावतात, म्हणून दिवे मालवण्यापूर्वी जागेवर बसावे, कडेची खुर्ची मागून घ्यावी आणि पायऱ्यांवर घाई करू नये. बसल्या बसल्या घोटे फिरवावेत, मध्यंतरात चार पावले चालावे. खारवलेले पॉपकॉर्न रक्तदाब असलेल्यांच्या आणि गोड शीतपेय मधुमेह्यांच्या उपयोगाचे नाही. वातानुकूलनाच्या गारव्यासाठी शाल आणि मोठ्या आवाजासाठी कानांत घालायचे फोमचे बोळे पिशवीत असू द्यावेत.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आता थोडे आपल्याशी, ज्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे किंवा स्मृती हरपलेल्या पतीचे सारे काही करता. आपण शेवटचा चित्रपट केव्हा पाहिला? उत्तर आठवत नसेल, तर प्रश्न चित्रपटाचा राहिलेला नाही. सानपाड्याहून वाशी एकच स्थानक. पण रुग्णाला सोडून जाण्याच्या अपराधी भावनेमुळे ते एक स्थानक पुण्याहून लांब होऊन बसते. ही भावना बहुतेक सगळ्याच शुश्रूषा करणाऱ्यांना छळते. तिच्यामुळे रुग्णाचा फायदा होत नाही. थकलेल्या हातांकडून औषधांच्या चुका होतात आणि थकलेल्या जिभेवर कठोर शब्द येतात.

महिन्यातून एकदा तीन तास मागून घ्या. नणंद, दीर, परगावी असलेला भाऊ, शेजारी, यांच्यापैकी कोणाला तरी स्पष्ट शब्दांत दिवस आणि वेळ सांगा. ‘कधीतरी येऊन बसा’ असे म्हटल्याने कोणी येत नाही. औषधे, जेवण, डॉक्टरांचा दूरध्वनी आणि रुग्ण अस्वस्थ झाल्यास कोणत्या गाण्याने शांत होतो, हे कागदावर लिहून ठेवा. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढते, म्हणून शक्यतो सकाळचा खेळ निवडा. कोणाचीच मदत मिळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन घेता येते.

आणि चित्रपट कोणता पाहावा? या वेळी घरच्यांची आवड, रुग्णाची प्रकृती, नातवंडांचा हट्ट, सारे बाजूला ठेवा आणि स्वतःला पाहायचा आहे तोच पाहा. परत आल्यावर त्यातली गोष्ट रुग्णाला सांगा. त्यांना ती किती कळेल हा भाग निराळा. आपला आवाज त्या दिवशी थोडा हलका झालेला असेल, तो मात्र त्यांना नक्की कळेल.