एकदम सोडा, पण एकट्याने नको

सिगारेट सोडायची एकच पद्धत महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि तिचं नाव 'मनाचा निर्धार'. मामा सांगतात, "मन घट्ट कर." डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून सांगतात, "बंद करा बुवा आता." रीलवरचा जिमवाला दंड दाखवत सांगतो, मर्द असशील तर आजच फेक. व्यसनमुक्तीचे व्याख्याते गॅदरिंगला येतात, काळ्या पडलेल्या फुप्फुसाची स्लाइड दाखवतात, मुलांना हात पुढे करायला लावून शपथ देतात आणि मानधनाचं पाकीट घेऊन निघतात. शपथ घेतलेली मुलं तिथून थेट टपरीवर जातात, कारण एवढं सगळं बघितल्यावर एक ओढावीशी वाटतेच.

माझं म्हणणं असं की निर्धार ही पद्धतच नाही. ती पद्धत नसल्याची कबुली आहे. साखरेच्या पेशंटला कुणी 'मनाने साखर उतरव' असं सांगत नाही. सिगारेटवाल्याला मात्र सांगतात. तो हरला की वर त्याच्या स्वभावावर शेरा मारतात: याच्यात दमच नाही.

आंबीचं बघा. इंद्रायणीकाठचं मावळातलं हे गाव आता नुसतं गाव राहिलेलं नाही. एकीकडे इंजिनिअरिंगचं कॉलेज, हॉस्टेलं, कॉटबेसिसच्या खोल्या. दुसरीकडे नवलाख उंबऱ्यापर्यंत पसरलेली तळेगावची एमआयडीसी, तिच्या शिफ्टच्या बसेस आणि कंत्राटावर आलेली विशी-बाविशीतली पोरं. घरापासून लांब, खिशात पहिल्यांदाच स्वतःचे पैसे, झोपेची वेळ दर आठवड्याला बदलणारी. अशा ठिकाणी सिगारेट ही काही निव्वळ चैन नसते. ती सुट्टी असते. लाइनवरून पाच मिनिटं बाहेर जायला 'एक मारून येतो' हे कारण सुपरवायझरला पटतं, कारण तोही येतो. नुसतंच 'पाच मिनिटं उभा राहून येतो' म्हणणारा कामचुकार ठरतो. हॉस्टेलचंही तेच. नव्या मुलाला सीनियरशी बोलायला विषय नसतो, लायटर असतो. आता या पोराला 'निर्धार कर' म्हणजे नेमकं काय कर? सुट्टी सोड, दोस्त सोड, सबमिशनच्या रात्रीचा एकमेव सोबती सोड, आणि बदल्यात काहीही घेऊ नको.

शरीराचं गणित तर याहून साधं आहे. झुरका मारल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि दोनेक तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड, बेचैनी, हाताला चाळा. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस हे सगळं टोकाला जातं आणि मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. म्हणजे ज्या दिवसांत डोकं सर्वांत कमी चालतं, त्याच दिवसांत आपण माणसाला फक्त डोक्याच्या जोरावर लढायला पाठवतो.

आकडे सांगतो. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या औषधचाचण्या एकत्र करून तपासते. २०२३ मध्ये तिने सिगारेट सोडण्याच्या उपायांवरच्या तीनशेहून जास्त चाचण्या एकत्र मांडल्या. त्यांत दीड लाखांहून जास्त माणसं होती. हिशेब साधारण असा निघतो: औषधाविना सोडू पाहणाऱ्या शंभरांतले सहा जण सहा महिन्यांनंतरही सिगारेटपासून लांब असतात. नुसता निकोटिनचा पॅच लावणाऱ्यांत नऊच्या आसपास. पॅच आणि सोबत गम किंवा लॉझेंज, असं दुहेरी घेणाऱ्यांत बारा. व्हॅरेनिक्लिन ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरची गोळी घेणाऱ्यांत चौदा.

"बाराच? मग अठ्ठ्याऐंशी पडलेच की!" हो, पडले. यातच माझा मुद्दा आहे. बहुतेकांना एका फटक्यात जमत नाही; पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागतात. तेव्हा पद्धत अशी हवी की पडल्यावर पुन्हा उठता यावं. गम घेऊन पडलेला माणूस म्हणतो, दोनचा डोस कमी पडला, आता सोबत पॅच लावू. निर्धार करून पडलेला म्हणतो, मीच नालायक. पहिला तीन महिन्यांनी परत येतो. दुसरा दहा वर्षं येत नाही, आणि कुणी विषय काढलाच तर हसून म्हणतो, "सोडणं सोपं आहे, मी कितीतरी वेळा सोडलीये."

इथे एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे 'एकदम सोडणं' आणि 'आधाराविना सोडणं' एकच समजतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जवळपास सातशे जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांनी ठरलेल्या तारखेला एकदम सोडली, निम्म्यांनी दोन आठवड्यांत कमी करत आणून सोडली. निकोटिनचे पॅच दोन्ही गटांना होते. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकले, कमी करत जाणाऱ्यांतले ३९ टक्के. सहा महिन्यांनी २२ आणि १५.५. म्हणजे मामांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे: तारीख ठरवा आणि तोडा. चूक उरलेल्या अर्ध्यात आहे, जिथे ते हात रिकामे ठेवायला सांगतात.

मग 'हळूहळू कमी करतोय, आता दिवसाला एकच' हे काय आहे? स्वतःची समजूत आहे. दिवसाला एक ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसाव्या हिश्श्याची अपेक्षा होती, नाही का?

बाकीच्या पद्धती पटकन उरकतो. आयुर्वेदिक सिगारेट: धूर तो धूर, तुळशीचा असला तरी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड देतोच. व्हेप: परदेशात त्याने सिगारेट सुटल्याचे पुरावे भक्कम आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने त्याची विक्री बंद आहे. हॉस्टेलच्या खोलीत बॅगेतून निघतो त्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि तो घेणाऱ्यांत सिगारेट सोडायला निघालेले किती हे तुम्हीच मोजा. ॲलन कार यांचं १९८५ चं पुस्तक: वाचा, काहींना लागू पडतं. फक्त पॅच-गमला त्यांचा जो विरोध होता, तो पुस्तकातच ठेवा.

आणि आपली खास मराठी पद्धत: सिगारेट सोडून तंबाखू-चुना धरणं. वास येत नाही, शिफ्टमध्ये बाहेर जावं लागत नाही, स्वस्त पडतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते, आणि बिनधुराची तंबाखू खाणारे-लावणारे चोवीस टक्के. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी हे. मिश्री लावणाऱ्या आजीपासून पुडी मळणाऱ्या ऑपरेटरपर्यंत सगळे या चोवीसांत आहेत. फुप्फुसावरून तोंडावर बदली करून घेण्याला सोडणं म्हणत नाहीत.

माळेचं मात्र वेगळं. इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते, आणि मावळात माळ घालून व्यसन सोडलेली माणसं घरोघरी आहेत. 'बघा, तिथे कुठे गम होता?' असं मला हमखास ऐकवलं जातं. माळकरी नीट बघा. गळ्यातली माळ चारचौघांना दिसते. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी पुढे करत नाही. संध्याकाळची बसायची जागा बदलते, माणसं बदलतात, हाताला टाळ मिळतो, तोंडाला अभंग. एकादशी आहे, वारी आहे, वर्षभराचं वेळापत्रक आहे. याला एकट्याचा निर्धार म्हणणं हा माळेचा अपमान आहे. ती पूर्ण व्यवस्था आहे, आणि म्हणूनच चालते. (तंबाखूची डबी बाळगणारे माळकरीही आहेत म्हणा. तिथे व्यवस्थेने डोळे मिटले, तर माणसाने तरी काय करावं?)

तशीच व्यवस्था सरकारने कागदावर केलीसुद्धा आहे. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणुकीची मोफत हेल्पलाइन २०१६ पासून चालू आहे, आणि २०१८ पासून हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. आता सांगा, आंबीत किंवा कुठल्याही कॉलेजच्या रस्त्यावर पाकीट कोण विकत घेतं? सुटी घेतात. पाकीट टपरीवाल्याच्या फळीवर राहतं. पंच्याऐंशी टक्के जागा व्यापणारं ते भयंकर चित्रही तिथेच, नंबरही तिथेच. महाराष्ट्राने नेमकं याच कारणासाठी सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. ही बंदी कुठे दिसली तर मला कळवा. शाळा-कॉलेजापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये हा नियम तर २००३ चा.

शिवाय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, सोमवारी बंद. सेकंड शिफ्ट सुटते रात्री, तलफ येते रात्री, सबमिशन असतं रात्री. तेव्हा टपरी उघडी असते.

टपरीवाल्यावर दात खाऊन उपयोग नाही. त्याचं पोट आहे. राग यायचा तर कंपन्यांच्या गेटवरच्या 'तंबाखूमुक्त परिसर' या पाटीचा यावा. पाटीमागे प्रथमोपचाराची खोली असते, तिथे पोटदुखीची गोळी मिळते, बँडेज मिळतं. निकोटिनचा गम ठेवायला कुणाचा हात आखडतो? २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनची ही औषधं आहेत. अत्यावश्यक म्हणजे अत्यावश्यक. ती दवाखान्यात नसतील तर 'का नाहीत' हे ग्रामसभेत, कामगार प्रतिनिधीकडे, कॉलेजच्या विद्यार्थी मंडळात विचारायचा प्रश्न आहे. सिगारेट कंपन्यांना तर निर्धाराची भाषा फार आवडते. ओढणं ही प्रौढ माणसाची स्वतंत्र निवड, आणि न सुटणं हा त्याचा स्वतःचा दोष. एवढं ठरलं की त्यांचं काम झालं.

"पण गम म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं लावून घेणंच ना?" नाही. कॅन्सर आणि हार्ट ॲटॅक मुख्यतः धुरातून येतात. गममध्ये धूर नाही. पॅचमधून निकोटिन इतक्या सावकाश चढतं की झुरक्याचा तो झटका मिळतच नाही, त्यामुळे चटक लागणं अवघड. दोन-तीन महिन्यांत डोस उतरवत बंद करायचा असतो.

खरी अडचण वेगळीच आहे: गम कसा खायचा हे कुणी सांगत नाही. पोरं तो बबलगमसारखा कचाकचा चावतात, निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं, आणि मग जाहीर होतं की गम फालतू आहे. तो सावकाश चावायचा असतो. तिखट, झिणझिण्या आणणारी चव आली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चव गेली की पुन्हा थोडं चावायचं. असा अर्धा तास. दोन मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटत असेल तर चारचा लागतो आणि त्याला चिठ्ठी लागते. पॅच आणि व्हॅरेनिक्लिन डॉक्टरांना विचारून. हृदयाचा किंवा किडनीचा आजार, गरोदरपण असेल तर सगळंच विचारून. डेंटल कॉलेजांतल्या तंबाखू सोडवणूक केंद्रांतही हे विचारता येतं, आणि तिथे तुमच्या दातांकडे बघून कुणी दचकत नाही.

तिशीच्या आतल्यांनी एक आकडा जवळ ठेवावा. ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं लवकर गेले, आणि तिशीला सोडलेल्यांना ती दहाच्या दहा जवळपास परत मिळाली. चाळिशीला सोडलेल्यांना नऊ, पन्नाशीला सहा.

राहिला चहा. चहा-सुट्टा ही जोडी तोडायची म्हणून टपरीवर जाणंच बंद करा असं मी सांगणार नाही. दोस्त तिथेच आहेत. पण चहा-कॉफीने तोंडातलं आम्ल वाढतं आणि गममधलं निकोटिन शोषलं जात नाही. त्यामुळे कटिंग आधी संपवा. पंधरा मिनिटं गप्पा मारा, दोस्ताला सांगून ठेवा की मागितली तरी देऊ नकोस. मग गम तोंडात टाका.