बोटीवर उतरणारे विमान एवढे महाग का?

आपल्यापैकी अनेकांनी मुलांचा हात धरून मुंबईत जुनी ‘विक्रांत’ पाहिली असेल. 1961 साली नौदलात आलेली ही विमानवाहू नौका 1997 साली निवृत्त झाली, पुढे काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 साली दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. त्याच नावाची नवी नौका कोचीच्या गोदीत बांधली गेली आणि 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झाली. खर्च सुमारे वीस हजार कोटी रुपये. नौका आपली, पोलाद आपले, कामगारही आपलेच. मग तिच्यावरची विमाने फ्रान्सकडून का घ्यावी लागली, असे कुणी विचारले तर प्रश्न रास्त आहे.

उत्तर विमानाच्या पायांपासून सुरू होते. जमिनीवरच्या धावपट्टीवर वैमानिक शेवटच्या क्षणी नाक जरा उचलून विमान अलगद टेकवतो. बोटीवर ती चैन नाही. तिथे विमान जवळजवळ आदळावेच लागते. शेपटीखालचा आकडा आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि ताशी दोनशेहून अधिक किलोमीटरने आलेले विमान शंभर मीटरच्या आत थांबते. दोर हुकला तर लगेच पुन्हा उडता यावे म्हणून टेकताना इंजिनाचा जोर कमी करायचा नसतो, उलट वाढवायचा असतो. खाली बोट डोलत असते ती वेगळीच.

असे धक्के सोसायला पाय मजबूत हवेत. मजबूत म्हणजे जड. चाळीतल्या खोलीत पोटमाळा काढणाऱ्याला हे चटकन कळेल. माळ्यासाठी तुळई टाकली की तुळईचे वजन भिंतीवर येते, मग भिंतीलाही आधार द्यावा लागतो. विमानाचे तसेच. पाय जड झाले की सांगाडा जड होतो आणि तेवढ्या प्रमाणात इंधन व शस्त्रे कमी घ्यावी लागतात. त्यातून नव्या ‘विक्रांत’वर विमान ढकलून देणारे यंत्र नाही. पुढे वर वळलेल्या उतारावरून विमानाने स्वतःच्या बळावर झेपावायचे.

‘तेजस’च्या नौदल आवृत्तीचे घोडे इथेच अडले. तिचे पहिले नमुना-विमान एप्रिल 2012 मध्ये बंगळुरूला उडाले. सरावासाठी गोव्याच्या ‘हंसा’ तळावर जमिनीवरच बोटीसारखा उतार आणि दोर उभारले गेले. 2016 च्या डिसेंबरात खुद्द नौदलप्रमुखांनी सांगितले की हे विमान बोटीसाठी जड आहे, ते आम्ही घेणार नाही. तरीही अभियंत्यांनी काम सोडले नाही. 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळंकर यांनी ते ‘विक्रमादित्य’वर उतरवून दाखवले. एवढे करून ते ताफ्यात आले नाहीच. पण ज्ञान पदरात पडले, त्याला वाया गेलेला पैसा म्हणणे मला पटत नाही.

आता हिशोब. लग्नपत्रिका पन्नास छापा की पाचशे, ब्लॉकचा खर्च तोच. पन्नासच छापल्या तर एकेक पत्रिका महाग पडते. हवाई दलाने ‘तेजस’ची सुधारित विमाने 2021 साली 83 आणि 2025 साली 97 अशी मागवली. नौदलाची गरज मात्र थोडक्या विमानांची. संशोधन, चाचण्या, खाऱ्या हवेपासून बचाव हा सगळा खर्च त्या थोड्यांच्याच माथी बसतो. 28 एप्रिल 2025 रोजी 26 राफेल-मरीन विमानांचा करार झाला तो सुमारे 63 हजार कोटींचा. भागाकार केला तर विमानामागे चोवीसशे कोटी येतात. अर्थात त्यात शस्त्रे, प्रशिक्षण, सुटे भाग, देखभाल हेही आहे, म्हणून हा भागाकार चहाच्या टपरीवर सांगताना जपून सांगावा.

आणि विकत घेतलेलेही बिनघोर नसते. रशियाकडून घेतलेल्या 45 मिग-29के विमानांच्या इंजिनांवर आणि सांगाड्यातील दोषांवर महालेखापालांनी 2016 च्या अहवालात बोट ठेवले होते.

दोन इंजिनांचे, पंख दुमडणारे स्वदेशी विमान आखले जात आहे. ते अजून उडालेले नाही. राफेल 2030 पर्यंत यायची आहेत. तोवर ‘विक्रांत’च्या डेकवर मिगच उतरतात.