शेवटून तिसरा

शीर्षक वाचून हा लेख निकालाबद्दल आहे असं वाटलं असेल, तर तसा तो आहे आणि नाहीही. मी आपल्याच कॉलेजचा. मेकॅनिकलचा, आणि चार वर्षं याच होस्टेलच्या पाणचट डाळीवर वाढलेला. सध्या एम.एस.साठी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवार-रविवारी मी सायकलच्या दोन रेस धावलो. 'धावलो' हा शब्द चुकून आलेला नाही, का ते पुढे कळेल. शनिवारी ४४ जणांत ४२ वा आलो. म्हणजे शेवटून तिसरा!

या प्रकाराचं नाव सायक्लोक्रॉस. तीनेक किलोमीटरचा गोल मार्ग आखतात आणि त्यात गवत, चिखल, वाळू, तिरक्या उतारावरची वळणं, कधी जिनासुद्धा येतो. मध्येच चाळीस सेंटिमीटर उंचीच्या फळ्या आडव्या ठोकलेल्या असतात. सायकल चालते तिथे चालवायची, नाही चालत तिथे उतरायचं, ती खांद्यावर मारायची आणि पळायचं. हे खूळ मूळ फ्रान्सचं. तिथे १९०२ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. रस्त्यावर रेस करणारे लोक हिवाळ्यात अंग सैल पडू नये म्हणून शेताशेतांतून सायकली हाकायचे. १९०७ साली यात फ्रान्सचा विजेता ठरलेल्या ऑक्टाव्ह लापीझने पुढे १९१० ची टूर द फ्रान्स जिंकली. १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकणारा जाँ रोबिकही १९४७ च्या टूरचा विजेता. बायकांची जागतिक स्पर्धा सुरू व्हायला मात्र २००० साल उजाडावं लागलं. आज बेल्जियममध्ये हा खेळ बघायला लोक चिखलात उभे राहतात, आपल्याकडे कुस्तीच्या फडाला राहतात तसे.

मी यात कसा पडलो? युनिव्हर्सिटीच्या सायकल क्लबाकडे एक जुनी सायकल रिकामी होती आणि लॅबमधल्या मित्राच्या गाडीत एक जागा रिकामी होती. बस, एवढंच कारण!

शनिवारी नवशिक्यांच्या गटात मी अगदी मागच्या रांगेत उभा राहिलो. शिट्टी वाजली आणि चाळीस माणसं माझ्यासमोरून अशी गेली, जशी जेवणाची घंटा झाल्यावर आपली पोरं मेसकडे जातात. पहिल्याच तिरक्या वळणावर मी गवतावरून घसरून आडवा. दुसऱ्या फेरीत तिथेच पुन्हा आडवा. फळ्यांपाशी उतरताना चुकीचा पाय आधी काढला आणि सायकलच माझ्यावर बसली. (चेन उजवीकडे असते म्हणून डावीकडे उतरायचं, हे मेकॅनिकलच्या माणसाला कोणीतरी सांगावं लागलं!) चौथ्या फेरीत पहिला माणूस मागून येऊन मला ओलांडून पुढे गेला. म्हणजे मी एक अख्खी फेरी मागे पडलो.

इथे मला थांबून तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

सेकंड इयरला असताना स्पोर्ट्स वीकमध्ये मी पंधराशे मीटरला नाव दिलं होतं. तिथेही पहिल्याने मला एक फेरी गाठलं. पायऱ्यांवर आपलीच ब्रँच बसली होती. "ए, घरी जा आता, मेस बंद होईल!" असा गलका झाला. मी शेवटची फेरी न धावता ट्रॅकवरून आत वळलो आणि बुटाची लेस बांधायचं नाटक केलं. त्यानंतर इथून बाहेर पडेपर्यंत मी ग्राउंडवर गेलो तो फक्त पायऱ्यांवर बसायला, आणि दुसऱ्यांना "घरी जा" म्हणायला.

म्हणून त्या शनिवारी पहिला मला ओलांडून गेला तेव्हा मी गलक्याची वाट बघत होतो. गलका झालाही. चढावर उभ्या असलेल्या बाया-माणसं-पोरं गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवत ओरडत होती. टिंगलही होती, एक जण म्हणाला, "सायकलला फिरायला आणलंस काय?" पण कोणी जा म्हणालं नाही. पुढचं वळण आतून घे, असंही तोच ओरडला. रेस संपल्यावर पहिला आलेला पोरगा तोंडाला चिखल तसाच ठेवून चढापाशी उभा होता आणि मागून येणाऱ्यांसाठी घंटा वाजवत होता.

यात चांगुलपणापेक्षा नियमाचा भाग मोठा आहे, आणि माझा मुद्दा तोच आहे. या खेळात रेस वेळेवर चालते. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना किती वेळ लागला ते बघून पंच एकूण फेऱ्या ठरवतात. पहिल्याने शेवटची फेरी संपवली की त्यानंतर जो जो रेषेवर येईल त्याची रेस तिथे संपते, आणि जो एक फेरी मागे असेल त्याच्यापुढे 'एक फेरी कमी' असं लिहितात. मोठ्या स्पर्धांत कडक नियम आहे: पहिल्याच्या पहिल्या फेरीला लागलेल्या वेळाच्या ८० टक्क्यांइतके मागे पडलात की बाहेर. नवशिक्यांच्या गावपातळीवरच्या रेसमध्ये बहुधा कोणी बाहेर काढत नाही. क्रमांक मात्र सगळ्यांचे लागतात. माझा ४२ वा कागदावर छापून भिंतीवर डकवला होता. कोणी तो लपवला नाही आणि कोणी मला उत्तेजनार्थ बिल्लाही दिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडे कुठे? आहे ना! तुमच्याच मार्कशीटवर आहे. ए.टी.के.टी. म्हणजे काय? 'टर्म चालू ठेवायला परवानगी'. म्हणजे तू मागे आहेस हे लिहून ठेवतो, पण तू रेसमध्ये आहेस. विद्यापीठाला जे सुचलं ते आपल्याला होस्टेलवर सुचत नाही. माझ्या रूम पार्टनरची थर्ड इयरला वाय.डी. झाली. मेसमध्ये रोज कोणीतरी विचारायचं, "काय सिनियर, यंदा कितवं वर्ष?" मीही विचारायचो, हसूनच. मग तो साडेनऊनंतर, सगळे उठल्यावर जेवायला यायला लागला. मग येईनासाच झाला. डिसेंबरात सामान घेऊन गेला तेव्हा मी त्याला स्टँडवर सोडायलाही गेलो नाही. माझं सबमिशन होतं. विषय दोनच राहिले होते त्याचे. त्याला विद्यापीठाने काढलं नव्हतं, हे मला परवा चिखलात पडल्यावर कळलं.

रविवारची हकिगत थोडक्यात सांगतो. शनिवारी पंक्चरच्या भीतीने मी टायरमध्ये साठ पीएसआय हवा भरली होती. रेसनंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अंगठ्याने टायर दाबून बघितला आणि हसले. रविवारी पस्तीस ठेवली. दाब कमी, म्हणजे टायर जमिनीला जास्त टेकतो, खडबडीवर उडत नाही, म्हणून पकडही वाढते. सेकंड इयरचाच विषय, पण कळायला गुडघे फुटावे लागले. रविवारी एकदाच पडलो आणि ४१ जणांत ३६ वा आलो. शनिवारी अर्ध्यातून बाहेर पडलो असतो तर रविवारी गेलोच नसतो, आणि ही हवेची गोष्ट मला जन्मात कळली नसती.

काहींना वाटेल, स्पर्धा म्हणजे स्पर्धा, त्यात लाड कसले? मान्य. पण मी लाड मागतच नाही. पहिल्याचा मान पहिल्यालाच. माझं म्हणणं एवढंच की मागे पडलेल्याला आपण काढू नये, जे काढायचं ते नियमाने काढावं.

जिमखान्याला आणि रेक्टर सरांना एक सूचना आहे. ऑगस्टमध्ये वर्कशॉपमागचं ग्राउंड नाहीतरी चिखलच असतं. होस्टेलच्या शेडमध्ये गंजत पडलेल्या सायकली आहेत. फळ्या कारपेंट्री शॉपमध्ये मिळतील. पाटील मामा बनवून देतील अशी नाही, एफ.ई.च्या पोरांनी जॉब म्हणून स्वतः बनवाव्यात. अर्ध्या तासाची रेस ठेवा, हेल्मेट सक्तीचं करा आणि ब्रेक तपासूनच सायकल आत घ्या. मुलींची रेस त्याच दिवशी, त्याच मार्गावर, तेवढाच वेळ. पायऱ्यांवर बसून ओरडायचं असेल त्याने आधी एक फेरी मारून दाखवावी. पहिल्या वर्षीच्या बक्षिसाचे पैसे मी पाठवतो. अट एकच: निकालाचा कागद नोटीस बोर्डावर लावाल तो शेवटच्या नावापर्यंत लावा.

रूम पार्टनरला मागच्या महिन्यात फोन केला होता. उचलला नाही. पुन्हा करणार आहे.

— एक माजी विद्यार्थी, यंत्र अभियांत्रिकी