पांढरी चिकन चिली

अमेरिकेतली ‘चिली’ म्हणजे गाडीवरचे चिली चिकन नव्हे. ते दाट कालवण. लाल तिखट-टोमॅटो वगळून हिरवी मिरची नि पांढरा राजमा घातला की झाली पांढरी चिली.

पाव किलो राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे व कुकरमध्ये मऊ शिजवावा. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. कांदा, लसूण, मिरची, जिरेपूड परतून अर्धा किलो बोनलेस चिकन शिजवावे, तंतू सुटे करून राजम्यात मिसळावे. थोडा राजमा ठेचला की रस्सा दाटतो. वरून कोथिंबीर, लिंबू.

सहा माणसे पोटभर जेवतात. लेगपीसवरून भांडण नाही, आणि शेवटी जेवणाऱ्या माउलीच्या ताटात नुसता रस्सा उरत नाही.