पेढीवरून पाकशाळेकडे

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांतून ठरलेले पर्याय पुढे येतात: बी.कॉम., सी.ए., नाहीतर थेट पेढी. अशा वेळी एखादा मुलगा किंवा मुलगी हॉटेल मॅनेजमेंटचे नाव काढते आणि घर क्षणभर स्तब्ध होते. ‘आपल्या घरातले मूल आचारी होणार का?’ हे आजोबा उघडपणे विचारतात. आजी मात्र आपला प्रश्न मनातच ठेवते: तिथे मांस-अंडे हाताळावे लागणार का? पहिला प्रश्न प्रतिष्ठेचा आहे आणि त्याचे उत्तर काळ देतोच आहे. दुसरा व्रताचा आहे. त्याला बगल देता येत नाही.

बरीच वर्षे त्याचे उत्तर ‘होय’ असेच होते. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्थांमध्ये मांसाहारी पाककृतींचे प्रात्यक्षिक सर्वांनाच अनिवार्य होते. २०१६ मध्ये अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूर येथील संस्थांनी केवळ शाकाहारी पाककलेचा पर्याय दिला आणि २०१८ मध्ये तो इतर संस्थांतही खुला करण्याचे ठरले. अनेक कुटुंबांपर्यंत ही वार्ता अद्याप पोहोचलेली नाही, आणि प्रवेशाचा विचार केवळ या एका शंकेपोटी सोडून दिला जातो.

या शिक्षणाशी समाजाचे नाते तसे जुनेच आहे. मुंबईत १९५४ मध्ये सुरू झालेली केटरिंग कॉलेज ही संस्था देशातील या क्षेत्रातील आद्य संस्थांपैकी एक. तिच्या स्थापनेमागे पुढाकार होता तो गुजराती जैन कुटुंबात जन्मलेल्या लीलावती मुनशी यांचा.

तथापि पर्याय मिळाला म्हणजे अभ्यास सोपा झाला असे नव्हे. पाश्चात्त्य पाकशास्त्रात रसाचा पाया ‘मीरप्वा’ने घातला जातो: दोन भाग कांदा, एक भाग गाजर, एक भाग सेलरी. जैन पाकगृहात यातील दोन जिन्नस आरंभीच बाद होतात. मग तो गोडवा आणि घट्टपणा कोठून आणावयाचा? लाल भोपळा, टोमॅटो, मगजबी, काजू, हिंगाची नेमकी मात्रा आणि बटाट्याच्या जागी कच्चे केळे, अशी उत्तरे घरोघरच्या स्वयंपाकिणींनी पिढ्यान्‌पिढ्या शोधून ठेवली आहेत. प्रशिक्षित हाताने त्यांना माप, तापमान आणि पुनरावृत्तीची खात्री द्यावयाची असते. जिलेटिनऐवजी अगर-अगर वापरणे, अंड्याविना केक फुलवणे, चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट नाही ना हे पाहणे, ही सारी त्याच अभ्यासाची अंगे. (खरे पार्मेजान चीज या कसोटीवर नापासच होते, ही गोष्ट पास्त्यावर ते हौसेने भुरभुरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.) विमानप्रवासात जैन भोजनाला ‘व्हीजेएमएल’ हा स्वतंत्र संकेत आहे, म्हणजे या ज्ञानाला बाजार नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

व्यापाऱ्याच्या मुलाला येथे एक वारसा आपोआप उपयोगी पडतो. कोठारात आधी आलेला माल आधी काढणे, वजनातील घट धरून भाव बांधणे, या गोष्टी पाकशाळेत ‘फूड कॉस्टिंग’ म्हणून शिकवल्या जातात. दहा किलो शेंगा सोलल्यावर मटार जेमतेम निम्मे भरतात. ताटाची किंमत शेंगांच्या भावाने काढणारा केटरर वर्षअखेरीस तोट्यात जातो. हे ज्याने लहानपणी गादीवर बसून ऐकले आहे, त्याला पाठ्यपुस्तकातील हे प्रकरण परके वाटत नाही.

अडचणीही सांगितल्याच पाहिजेत. पाककला हा या अभ्यासाचा एक भाग आहे. भोजनसेवा, स्वागतकक्ष आणि गृहव्यवस्था हे उरलेले तीन. भोजनसेवेच्या विषयात मद्याची माहिती येते आणि शाकाहारी पर्याय घेतल्याने ती टळत नाही. शिवाय प्रत्यक्ष हॉटेलात काही महिने उमेदवारी करावी लागते. तेथील मुदपाकखाना विद्यार्थ्याच्या व्रतावर चालत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीच तीन गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तर लेखी मिळाल्यास उत्तम: शाकाहारी पर्याय सर्व वर्षांना लागू आहे काय, प्रात्यक्षिकाची भांडी व सुऱ्या वेगळ्या आहेत काय, आणि उमेदवारीसाठी शुद्ध शाकाहारी हॉटेल निवडू देतात काय. ‘पुढे पाहू’ या तोंडी आश्वासनावर तीन वर्षे पणाला लावू नयेत. मूल अर्ध्यावर परतले, तर पैशापेक्षा त्याची उमेद अधिक खचते.

शिकून बाहेर पडलेल्यांसाठी काम मात्र समोरच उभे आहे. मार्गशीर्षातील लग्नात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या पाचशे पाहुण्यांची पंगत त्याआधी उठली पाहिजे, पाणी गाळून उकळलेले हवे, अन्न ताजे हवे, आणि पानात टाकलेलेही कमीत कमी हवे. आज हा सारा भार बहुधा एखाद्या वयोवृद्ध महाराजांच्या अनुभवावर असतो. त्यांच्या मापांची वही कोठेच नाही. ती लिहून घेण्यासाठी त्यांच्याजवळ दोन हंगाम उभे राहणारा, पाकशाळेत शिकलेला तरुण अजून बहुतेक गावांत मिळत नाही.