ऊब वजनात नसते!

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की घराघरांतून सहलींचे बेत सुरू होतात. कुणाची लेक कॉलेजच्या गटाबरोबर हिमालयात ट्रेकला निघते, कुणाचे मिस्टर ऑफिसातल्या मंडळींबरोबर बर्फ बघायला जातात. आणि हल्ली आपल्यापैकीही कितीतरी जणी, मुलं जरा हाताशी आली की पाठीला सॅक लावून डोंगर चढायला लागल्या आहेत. मला त्यांचं फार कौतुक वाटतं!

पण सामानाची यादी करायला बसलं, की 'जॅकेट' या एका शब्दापाशी घोडं अडतं. आमच्या टीचर्स रूममध्ये परवा हाच विषय निघाला. "जाडजूड घ्यावं की पातळ?", "पिसांचं म्हणे चांगलं असतं?", "एवढंसं हलकं फुलकं जॅकेट, त्यात कसली आलीय ऊब?" एक ना दोन, दहा प्रश्न. तेव्हा म्हटलं, या आठवड्यात लोणची-मुरंब्यांना सुट्टी देऊ या आणि जॅकेटबद्दलच बोलू या.

गोधडीतलं शास्त्र

गादीतला कापूस दबून त्याच्या गुठळ्या झाल्या, की आपण तो पिंजून घेतो. कापूस तोच, वजनही तेवढंच. पण पिंजल्यावर त्याचा ढीग केवढा तरी वाढतो, आणि त्याच कापसाची दुलई पहिल्यापेक्षा उबदार लागते. असं का होतं? तर तंतू सुटे झाले आणि त्यांच्यामध्ये हवा अडकून बसली म्हणून. ऊब राखते ती ही अडकलेली हवा.

जॅकेटचंही अगदी तसंच आहे. जॅकेट काही स्वतः उष्णता तयार करत नाही. उष्णता आपल्या अंगाची, जॅकेट फक्त ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून "हातात घेतल्यावर जड लागतंय, म्हणजे गरम असणार" हा हिशेब मनातून काढून टाका. चांगलं हलकं जॅकेट ३०० ते ५०० ग्रॅमचं असतं आणि तरीही ते एखाद्या जड लोकरी कोटाची बरोबरी करू शकतं.

मात्र या हवेचा एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे ओल. हवेची जागा पाण्यानं घेतली की ऊब संपली. आणि डोंगरात ओल फक्त पावसाचीच असते असं नाही. चढताना घाम येतो, तंबूत दव साठतं, भुरभुरता बर्फ अंगावर वितळतो.

पिसं की फायबर?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतील. एकात बदकांच्या किंवा हंसांच्या छातीवरची मऊ पिसं भरलेली असतात. दुसऱ्यात पॉलिएस्टरचे बारीक तंतू असतात. आपण हल्ली उशांत फायबरचा कापूस भरतो ना, त्याचंच हे अधिक तलम भावंड.

पिसांचा मान मोठा, यात शंका नाही. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर गेले, त्या मोहिमेतही पिसांचे कपडे होते. वजनाच्या मानानं सर्वात जास्त ऊब त्यांचीच, आणि घडीही इवलीशी होते. पण पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब जाते. वाळायला फार वेळ लागतो, धुणं नाजूक आणि किंमतही चढी. शिवाय काही घरांत पिसांचे कपडे चालतच नाहीत.

अमेरिकन सैन्याला नेमकी हीच अडचण होती. पिसांसारखं, पण भिजलं तरी ऊब न सोडणारं भरण त्यांना हवं होतं. त्या गरजेतून १९८० च्या दशकात अगदी बारीक पॉलिएस्टर तंतूंचं भरण तयार झालं. प्रायमालॉफ्ट हे नाव तुम्ही जॅकेटच्या चिठ्ठीवर वाचलं असेल, ते हेच. आता अनेक कंपन्या अशी भरणं बनवतात.

यामागचं कारण सोपं आहे. साध्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे फायबरचं जॅकेट ओलं झालं तरी तंतू फुललेले राहतात, थोडीफार ऊब टिकते आणि ते वाळतंही लवकर.

फायबरचे दोषही सांगते. तेवढ्याच उबेसाठी ते पिसांपेक्षा थोडं जड होतं, सॅकमध्ये जागा जास्त खातं आणि वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर चपटं होतं. अगदी कोरड्या, कडाक्याच्या थंडीत पिसंच सरस. पण घाम येणार, बर्फ वितळणार आणि घरी आल्यावर कपडे आपणच धुणार, अशा तुमच्या-आमच्या ट्रेकला फायबर जास्त सोयीचं.

कुठे जायचं, किती ऊब हवी?

खरेदीआधी एक छोटासा हिशेब करा. साधारणपणे दर हजार मीटर उंचीला हवा साडेसहा अंशांनी थंड होते. उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या वाटेवरचं सांकरी गाव सुमारे १,९०० मीटरवर आहे आणि शिखर सुमारे ३,८०० मीटरवर. म्हणजे गावापेक्षा शिखरावर बारा अंश तरी कमी! वारा असेल तर अंगाला त्याहूनही जास्त गारठा जाणवतो.

भरण किती आहे ते जॅकेटच्या चिठ्ठीवर जीएसएममध्ये लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर भरणाचं वजन किती ग्रॅम ते. ढोबळ मानानं ४० ते ६० चं जॅकेट चालता चालता घालायला किंवा हलक्या थंडीला पुरतं. ८० ते १०० चं मधल्या थंडीला बरं. संध्याकाळी तळावर नुसतं बसून राहायचं असेल, तर १३० च्या आसपासचं घ्या. ज्यांना एकच घ्यायचं आहे, त्यांनी टोपीसकट ८० ते १०० चं घ्यावं आणि आत एक लोकरी स्वेटर न्यावा.

आणि हो, नुसतं महाबळेश्वरला किंवा कळसूबाईला जायचं असेल, तर नवीन खरेदी करूच नका. घरातला स्वेटर आणि वर वारा अडवणारं विंडचीटर एवढ्यावर काम भागतं. हिमालयात एकदाच जाणार असाल, तर मनालीसारख्या ठिकाणी जॅकेट भाड्यानंही मिळतं. ते घालण्याआधी चेन आणि शिवण तेवढी तपासून घ्या.

दुकानात उभ्या उभ्या

भाजी पारखून घेणाऱ्या आपण, जॅकेटही तसंच पारखू या.

१. जॅकेट मुठीत घट्ट दाबा आणि सोडा. चांगलं भरण लगेच फुलून वर येतं.

२. उजेडाकडे धरून बघा. भरण सगळीकडे सारखं हवं. खांद्यावर आणि शिवणीपाशी ते विरळ असेल तर तिथूनच गारठा आत येईल.

३. आत स्वेटर घालूनच मापाला घाला. दोन्ही हात वर करा. पाठ उघडी पडत असेल तर लांबी कमी आहे.

४. चेन एका हातानं, हातमोजे घालून लावता येते का ते पाहा. चेनीच्या आतून कापडाची पट्टी असेल तर वारा आत शिरत नाही.

५. मनगटाशी इलॅस्टिक आणि खाली आवळायची दोरी हवी. खिशांना चेन असलेली बरी.

६. दुकानदाराला विचारून वर पाण्याचे चार थेंब टाका. ते घरंगळले पाहिजेत. पण त्यावर विसंबू नका. असं जॅकेट शिंतोडे सोसतं, पाऊस सोसत नाही. वरून घालायला रेनकोट वेगळा हवाच.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. "ह्यांचं जुनं आहे की, माझं त्यात भागेल," असं म्हणू नका. ढगळ जॅकेटमध्ये प्रत्येक हालचालीबरोबर खालून गरम हवा निसटते आणि थंड हवा आत येते. शालीचंही तेच. शाल धरायला एक हात अडकतो आणि डोंगरात दोन्ही हात मोकळे लागतात.

घालायचं कधी?

चढताना अंगात जॅकेट ठेवू नका. घामानं आतले कपडे भिजतात आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. चालताना सॅकमध्ये वरच ठेवा आणि थांबलात की अंग गार पडायच्या आत चढवा. आतून सुती बनियन किंवा सुती कमीज नको, कारण सुती कपडा घाम धरून ठेवतो. लोकरी किंवा लवकर वाळणारं सिंथेटिक काहीतरी घाला.

ही नुसती सोयीची गोष्ट नाही, बरं का. अंगाचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की जिवाला धोका असतो. त्यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही. ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं. सोबतची व्यक्ती सारखी कुडकुडतेय, बोलताना जीभ जड होतेय, बोटांनी साधी चेन लावता येत नाहीये, असं दिसलं तर तिथेच थांबा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, गुंडाळून आडोशाला बसवा. शुद्धीवर असेल तर गरम, गोड चहा द्या. हातपाय जोरानं चोळू नका, दारू तर मुळीच देऊ नका, आणि ट्रेकच्या प्रमुखाला लगेच सांगा. कुडकुडणं आपोआप थांबलं, पण माणूस सुस्तावला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका. वैद्यकीय मदत तातडीनं हवी.

आणखी एक. शेकोटी आणि स्टोव्ह यांच्यापासून हे जॅकेट लांब ठेवा. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात. तळावर चहा करायला बसलात तर आधी ते काढून ठेवा.

घरी आल्यावर

डाग तेवढे ओल्या फडक्यानं पुसा, दरवेळी धुवायची गरज नसते. धुवायचंच झालं तर चेन लावून, थंड किंवा कोमट पाण्यात, सौम्य साबणानं. कपडे मऊ करायचं औषध घालू नका, त्यानं पाणी झटकण्याचा गुण जातो. पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्री तर अजिबात नको. आणि ट्रंकेत दाबून न ठेवता कपाटात हँगरला टांगा. पिंजलेला कापूस आपण चेपून ठेवत नाही, तसंच.

शेवटी एकच सांगणं. घरातल्या यादीत मुलांचं जॅकेट असतं, ह्यांचं असतं, आणि आपल्या नावापुढे "शाल आहे" असं लिहिलेलं असतं. डोंगरावरचा वारा काही आई म्हणून आपल्याला सवलत देत नाही. चौघांच्या खरेदीचा पैसा बेतानं वाटायचा असेल, तर चौघांनाही मध्यम किमतीची घ्या. एकाला भारी आणि एकीला काहीच नाही, असं करू नका. आणि या खेपेला दुकानात मापाला पहिल्यांदा तुम्ही उभ्या राहा!