कोल्हापुरी जगभर व्हायरल झाली, पण बनवणाऱ्याचं नाव? हाताने बनवलेल्या वस्तू शेअर करताना काय पाहायचं

हाताने विणलेल्या साडीचं रील. मातीच्या कपांचा फोटो. वारली चित्र असलेली कापडी पिशवी. सोशल मीडियावर अशा पोस्ट रोज दिसतात आणि हजारो लोक त्या पुढे पाठवतात. कॅप्शनमध्ये 'किती सुंदर' आणि दोन-तीन इमोजी असतात. वस्तू कुणी बनवली, कोणत्या गावात बनवली, कुठे मिळेल, यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं.

यात काय एवढं, असं वाटू शकतं. पण नाव न लावल्याने काय होतं आणि लावल्याने काय बदलतं, या दोन्ही गोष्टी २०२५ मध्ये एकाच चपलेच्या निमित्ताने समोर आल्या. ती चप्पल म्हणजे कोल्हापुरी.

नेमकं काय घडलं होतं?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या लक्झरी ब्रँडचा पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो झाला. त्यात काही मॉडेल्सच्या पायात अंगठ्याची, चपट्या तळाची चप्पल होती. महाराष्ट्रात कुणालाही विचारलं असतं तर 'ही तर कोल्हापुरी' असंच उत्तर मिळालं असतं. प्राडाने मात्र तिचं वर्णन फक्त 'लेदर सँडल' असं केलं. कोल्हापूरचा उल्लेख नाही, भारताचाही नाही.

काही तासांत फोटो भारतात पोहोचले. लोकांनी प्राडाची सँडल आणि कोल्हापूरच्या दुकानातली चप्पल शेजारी शेजारी ठेवून पोस्ट टाकल्या. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अॅग्रिकल्चर या संस्थेने प्राडाला पत्र लिहिलं. कंपनीच्या वतीने लोरेन्झो बेर्तेली यांनी उत्तर दिलं आणि या सँडलमागे पारंपरिक भारतीय चपलेची प्रेरणा असल्याचं मान्य केलं. जुलैमध्ये कंपनीचं पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेलं.

डिसेंबर २०२५ मध्ये करार झाला. महाराष्ट्राचं लिडकॉम म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, कर्नाटकचं लिडकर म्हणजे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ, आणि प्राडा असे तिघे त्यात आहेत. कारागिरांकडून २,००० जोड बनवून घेऊन फेब्रुवारी २०२६ पासून प्राडाच्या सुमारे ४० दुकानांत आणि ऑनलाइन विकण्याची योजना तेव्हा जाहीर झाली. किंमत एका जोडाला सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर. कारागिरांना प्रशिक्षण देण्याचाही करारात समावेश आहे.

'लेदर सँडल' ते 'कोल्हापुरीवरून प्रेरित, भारतात बनवलेली' हा प्रवास सहा महिन्यांत झाला. तो न्यायालयाच्या आदेशाने झाला नाही. लोकांनी त्या चपलेचं नाव पुन्हा पुन्हा घेतल्यामुळे झाला.

कोल्हापुरीला जीआय टॅग होता, मग कायद्याने काही का झालं नाही?

हा प्रश्न तेव्हा बहुतेकांनी विचारला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते फक्त कोल्हापूरपुरतं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी ते आहे. नोंदणी लिडकॉम आणि लिडकर या दोन महामंडळांच्या नावावर आहे.

पण जीआय मुख्यतः नावाचं रक्षण करतो, आकाराचं नाही. या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकली तर कारवाई होऊ शकते. तशीच दिसणारी चप्पल दुसऱ्या नावाने विकली, तर जीआय कायद्याचा हात तिथे सहज पोहोचत नाही. प्राडाने 'कोल्हापुरी' हा शब्द वापरलाच नव्हता. म्हणजे लोकांना ज्या गोष्टीचा राग आला होता, नेमकी तीच गोष्ट कायद्याच्या दृष्टीने कंपनीच्या पथ्यावर पडली.

दुसरी मर्यादा देशाच्या सीमेची. भारतातली जीआय नोंदणी इटलीत आपोआप लागू होत नाही.

तिसरी मर्यादा, तक्रार कोण करू शकतं याची. या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. जीआयचे नोंदणीकृत मालक ही दोन महामंडळं आहेत आणि दाद मागायची तर ती त्यांनी मागावी, याचिकाकर्त्यांनी नाही, असा त्याचा आशय होता.

थोडक्यात, कायद्याने नावाला किंमत दिली आहे. पण ते नाव कुणी घेतलंच नाही, तर कायदा बहुतेक वेळा बघत राहतो.

नाव लावल्याने खरंच फरक पडतो का?

कोल्हापुरी ही एकाच प्रकारची चप्पल नाही. 'कापशी' हा प्रकार कागल तालुक्यातल्या कापशी गावाच्या नावाने ओळखला जातो. चपलेचं कातडं पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलं जातं. शिलाई चामड्याच्या वादीने होते, खिळे वापरत नाहीत. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी विणण्याचं काम अनेक घरांत बायका करतात. पायात चप्पल घालणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसलं, तर त्याला ती आणि बाजारातली रेक्झिनची नक्कल सारखीच वाटणार. मग तो स्वस्त असलेली घेणार.

यात जातीचा मुद्दाही आहे. चामड्याचं काम करणाऱ्या समाजांना शतकानुशतकं हलकं लेखलं गेलं. वस्तू सगळ्यांना हवी होती, बनवणारा मात्र गावाच्या कडेला ठेवला गेला. त्यामुळे 'कोल्हापुरी आमचा अभिमान' अशी पोस्ट टाकून चर्मकार कारागिराचा उल्लेखही न करणं ही निव्वळ विसरभोळेपणाची गोष्ट राहत नाही. ती जुनीच सवय आहे, फक्त आता फोनवर आली आहे.

नाव समोर आल्यावर काय होतं, याचं उदाहरण वारली चित्रकलेत मिळतं. ही चित्रं पूर्वी लग्नासारख्या विधींसाठी घराच्या भिंतीवर काढली जात आणि ती मुख्यतः स्त्रिया काढत. त्याखाली कुणाची सही नसे. १९७० च्या दशकात आजच्या पालघर जिल्ह्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांची कागदावरची चित्रं देशापरदेशांत पोहोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्र काढणाऱ्या माणसालाही नाव असतं, त्याची स्वतःची शैली असते, हे शहरातल्या लोकांना यामुळे कळलं.

तरीही आज मग, टी-शर्ट, मोबाइल कव्हर यांवर छापलेल्या बहुतेक वारली आकृत्यांखाली कुणाचंच नाव नसतं. वारली चित्रकलेलाही जीआय मिळालेला आहे.

छोट्या, स्वतंत्र कलाकारांचं काय?

जीआय एका भागातल्या समूहाच्या कलेला मिळतो. पुण्यात घरी बसून चित्रं काढणारी मुलगी किंवा नाशिकमध्ये सिरॅमिकचे कप बनवणारा तरुण यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी दोन वेगळे कायदे आहेत.

पहिला कॉपीराइटचा, १९५७ चा. मूळ चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. ते चित्र आपलं आहे असं सांगण्याचा आणि त्यासोबत आपलं नाव असण्याचा हक्कही कायदा देतो. म्हणून दुसऱ्याचं चित्र उचलून खाली 'क्रेडिट टू ओनर' लिहिणं म्हणजे श्रेयही नाही आणि परवानगीही नाही.

दुसरा डिझाइन कायदा, २००० चा. एखाद्या वस्तूचा आकार, नक्षी, घडण नवीन असेल तर तिची नोंदणी करता येते. संरक्षण आधी १० वर्षं आणि मुदत वाढवल्यास आणखी ५ वर्षं मिळतं. पण यात एक मोठी अट आहे. अर्ज करण्याआधी ते डिझाइन कुठेही जाहीर झालेलं नसावं. म्हणजे नव्या दागिन्याचा फोटो उत्साहाने आधी इन्स्टाग्रामवर टाकला आणि अर्ज नंतर केला, तर नोंदणी अडचणीत येऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कोल्हापुरीची घडण याच कारणाने या कायद्यात बसत नाही. ती 'नवीन' नाही.

छोट्या कलाकाराकडे वकिलाची फी भरायला पैसे क्वचितच असतात. नक्कल करणारा मोठा असेल तर लढाई आणखी अवघड. अशा वेळी त्याच्या बाजूने असतो तो तारखेसह, नावासह फिरलेला मूळ फोटो. 'हे आधी हिने केलं होतं' असं सांगणारे शे-दोनशे लोक असले, तर नक्कल करणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

मग शेअर करताना काय पाहायचं?

नाव, गाव, दुकान. पोस्टमध्ये या तीन गोष्टी आहेत का ते बघा. बनवणाऱ्याचं अकाउंट असेल तर टॅग करा, आणि स्क्रीनशॉट टाकण्याऐवजी त्याचीच मूळ पोस्ट शेअर करा. स्क्रीनशॉटमध्ये नाव कापलं जातं आणि गिऱ्हाईकही तिथेच हरवतं. दुकानात किंवा प्रदर्शनात फोटो काढताना मात्र कारागिराला आधी विचारा. काहींना आपली नवी नक्षी लगेच जाहीर करायची नसते.

वस्तू खरी आहे का? कोल्हापुरी चपलेच्या जोडावर लिडकॉमचा क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करा. कारागीर किंवा उत्पादन केंद्र, जिल्हा, वापरलेला माल आणि जीआयची स्थिती ही माहिती ग्राहकाला मिळावी, यासाठी हा कोड आणला आहे. पैठणी घेताना पदर उलटून पाहा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही स्वच्छ दिसते, यंत्रमागावरच्या साडीत मागे मोकळे धागे लोंबतात. इतर कापडावर हँडलूम मार्क आहे का ते तपासा.

'हँडमेड' शब्दावर थांबू नका. एखाद्या पेजवर एकाच डिझाइनच्या शेकडो वस्तू लगेच उपलब्ध असतील आणि बनवणाऱ्याविषयी एक ओळही नसेल, तर विचारा. 'कुणी बनवलंय?' ही एक कमेंट पुरते. खऱ्या विक्रेत्याला हा प्रश्न आवडतो.

फुकट मागू नका, घासाघीस जपून करा. 'माझ्या पेजवर टाकतो, एक पीस पाठवा' हा निरोप छोट्या कलाकारांना वारंवार येतो. एका पोस्टच्या बदल्यात त्याचे दोन दिवसांचे कष्ट जातात.

कारागिरांनाही एक गोष्ट करता येते. जीआय भागातला उत्पादक 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःच्या नावाची नोंद करू शकतो. २०२० मध्ये या नोंदणीचं शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणलं गेलं. अशी नोंद झाली की जीआय फक्त महामंडळाच्या कागदावर राहत नाही, कारागिराच्या हातात येतो. घरातल्या किंवा ओळखीच्या तरुणांनी हा अर्ज भरायला मदत केली, तर ती दहा पोस्टपेक्षा मोठी मदत ठरेल.

प्राडाच्या कराराकडे कसं पाहायचं?

२,००० जोड ८०० युरोंना विकले गेले, तर एकूण रक्कम १६ लाख युरो होते, म्हणजे साधारण १६ कोटी रुपयांच्या घरात. आकडा मोठा वाटतो. पण आठ जिल्ह्यांत पसरलेल्या व्यवसायासाठी २,००० जोड ही फार छोटी ऑर्डर आहे. कराराचा खरा हिशेब दोन गोष्टींवर होईल. वेणी विणणाऱ्या हाताला जोडामागे किती मजुरी मिळाली, आणि ही मालिका संपल्यावर त्या घरात पुढची ऑर्डर आली का.

त्या पुढच्या ऑर्डरसाठी मिलानकडे बघत बसण्याची गरज नाही. वाद पेटला तेव्हा कोल्हापुरी विकणाऱ्या काही छोट्या भारतीय ब्रँडनी तो स्वतःच्या जाहिरातींत वापरला आणि त्यांच्याकडे खरेदीही वाढली. तो जोर रागाचा होता आणि राग फार टिकत नाही. वर्षभर चालतं ते साधं गिऱ्हाईक. पुढच्या वेळी कापशी चपलेचा फोटो पुढे पाठवाल, तेव्हा त्यासोबत बनवणाऱ्याचं नाव आणि दुकानाचा पत्ताही जाऊ द्या.